मायच्या गुडघ्यांचं जेवण

"माही पोरगी नागपूरले बकऱ्याचे गुडघे कापते," असं माय गावात सांगायची.

शेजारणींच्या मुली कुणी नर्स, कुणी तलाठी, कुणी मास्तरीण. माझं मात्र हे असं. सुरुवातीला मला फार राग यायचा. एवढं शिकून, परीक्षांमागून परीक्षा देऊन, शेवटी आपल्याच आईनं आपल्याला खाटकाच्या ओळीत नेऊन बसवावं? पण तिचं चुकत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेतला दिवस खरोखरच मटणाच्या दुकानातून सुरू व्हायचा. दुकानदार मला ओळखायचा आणि बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, "मॅडम, आज बी नुसते गुडघेच का?"

मी सांध्यातल्या कूर्चेवर काम करते. मटण खाताना हाडाच्या टोकाला पांढरी, गुळगुळीत, दाताखाली कुरकुरणारी गादी लागते, ती कूर्चा. त्या गादीत जिवंत पेशी असतात. त्या काय खातात, किती साखर लागते, त्यातून बळ किती काढतात आणि म्हातारपणी ते बळ कमी का पडतं, हा माझा विषय. जगात याहून मोठे विषय पुष्कळ आहेत. पण मला या पेशींचा लळाच लागला. शरीरातल्या बाकी सगळ्यांच्या दारापर्यंत रक्त जातं, यांच्याकडे जात नाही. हवा नावालाच. एकेक पेशी आपापल्या बारक्या खोलीत बसलेली. पीठ आंबतं तशी ती मिळाली ती साखर आंबवते, निघेल तेवढं बळ काढते आणि तेवढ्यावर सगळ्या अंगाचा भार झेलणारी गादी राखते. कुठं तक्रार नाही. मला तक्रार न करणाऱ्यांचा मुळात राग आहे, पण यांचा नाही आला.

माझं गाव सिंदेवाहीकडचं. धानाची खाचरं, म्हणजे बांध्या, मधे पाण्यानं भरलेली बोडी, पलीकडे जंगल. माय आयुष्यभर रोवणी करत आली. ज्यांनी रोवणी केलेली नाही त्यांना सांगते: गुडघ्याएवढ्या चिखलात कमरेत वाकून, डाव्या हातात रोपांची पेंडी धरून, उजव्या हातानं रोप खोचत बाई मागे मागे जाते. पुढे चालायचं नसतं, उलटं चालायचं असतं. दरवेळी पाय चिखलातून उपसायचा आणि न बघता मागे टाकायचा. आमच्या आळीतल्या बाया आज एकीच्या बांधीत, उद्या दुसरीच्या, असा फेरा करतात. जिला जाता येत नाही तिच्या बांधीत कुणी येत नाही, असं कुणी म्हणत नाही, पण ते जिच्या तिच्या मनात असतं. मायचे पाय पन्नाशीतच धनुष्यासारखे बाहेर वाकले होते. पुढे पुढे गुडघे पुरते सरळ होणंही थांबलं. उभी राहिली तरी ती जराशी बसल्यासारखीच दिसायची.

एकदा सुट्टीत मी घरी होते. माय ओट्यावर बसून मोहाच्या बियांचं तेल कोमट करून गुडघ्यांना चोळत होती. मला म्हणाली, "तू त्या बकऱ्याच्या गुडघ्यात पाह्यतं तरी काय वो? आमाले बी सांग ना."

मला आपल्या विषयावर बोलायला कुणी सांगितलं की मी सुटते. मी म्हटलं, "हाडाच्या टोकाले पांढरी गादी राह्यते माय. तिच्यात जित्ते जीव राह्यते. बारीक बारीक. एकेक आपल्या खोलीत."

"रगत कुठून जाते त्याईले?"

"जातच नाई."

"मंग खाते काय?"

"तू पाय टेकला का गादी दबते, उचलला का फुगते. त्या दबण्याफुगण्यात सांध्यातलं पाणी आतबाहेर होते. त्या पाण्यातली साखर खाते."

"अन् हवा?"

"थोडीशी. तेवढ्यात भागवते."

मायनं तळव्यात आणखी तेल घेतलं. "म्हंजे आपल्यासारखेच हायेत. अर्ध्या पोटी." मग, "अन् मी बसूनच राह्यलो तं?"

"तं त्याईले काई भेटत नाई."

मी खोटं काही सांगितलं नव्हतं. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन. गुडघा दुखतो म्हणून माणूस जागचा हलेनासा झाला की कूर्चेची उपासमार होते, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो. पण विद्यार्थी ते परीक्षेत लिहून मोकळे होतात. मायनं ते मनावर घेतलं.

तिच्या हातून आयुष्यात कुणी उपाशी गेलं नव्हतं. दारात आलेला माणूस असो, कुत्रं असो, चुकून आळीत शिरलेली दुसऱ्याची शेळी असो, त्याच्या तोंडात काही पडल्याशिवाय ती स्वतः घास घ्यायची नाही. आता तिला कळलं की आपल्याच अंगात, आपल्याच गुडघ्यांत, लाखो जीव तोंड वासून बसले आहेत आणि त्यांना चारायचा एकच रस्ता आहे. मग काय. सकाळी चहाच्या आधी ती काठी घेऊन बोडीपर्यंत जायची आणि परत यायची. वाटेत कुणी हटकलं, "कुठी निघाली वो बाई?" तर सांगायची, "लेकरायले चारून येतो." सगळ्या आळीला ते माहीत झालं. बाया हसायच्या, आणि दोन-चार जणी तर तिच्याबरोबर आपापली लेकरं चारायला निघायच्या.

चालण्यापुरतं असतं तर मीही हसले असते. पण पावसाळा लागला आणि या वर्षी तरी सोडेल असं आम्हाला वाटत असताना मायनं रोवणी धरली.

दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, घरची शेती तोच बघतो. म्हणाला, "तूच सांगून ठेवलं ना तिले? आता तूच समजव. मी बोललो तं म्हंते, पोरगी शिकलेली हाय, तिनं सांगतलं हाय." मी फोनवरून खूप बोलले. थोडं चालणं वेगळं, चिखलातून पाय उपसणं वेगळं, वाकून राहणं वेगळं. पालथ्या घड्यावर पाणी. दादा म्हणाला, नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकू नको, ये. तेव्हा मी आले.

माय बांधीतच होती. बायांच्या ओळीत सगळ्यात टोकाला, धुऱ्याजवळ, बांधाला लागून, म्हणजे तोल गेला तर टेकता येईल. मी धुऱ्यावर उभी राहून ओरडले, "माय, बाहेर ये!"

"हे पेंडी सरू दे."

"पेंडी गेली खड्ड्यात! गुडघे घासून घासून संपवून राह्यली तू!"

तिनं वर पाहिलंही नाही. एक रोप खोचलं, पाय उपसला, मागे टाकला. चेहरा दुखण्यानं आवळलेला होता, तो मला धुऱ्यावरून दिसत होता. म्हणाली, "तुले काय मालूम. एवढं दबते इथी, पोटभर खात असतीन."

ओळीतल्या बाया खुदखुदल्या. मला हसू आलं नाही. मी चपला काढल्या, चिखलात उतरले आणि तिच्या हातातली पेंडी ओढून घेतली. तिचा उरलेला भाग मी रोवला. वाकडातिकडा रोवला, त्यावर आळीत वर्षभर बोलणं झालं.

त्यानंतर मी तिला चंद्रपूरला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं एक्स-रे उजेडावर धरला आणि मला काही सांगावं लागलं नाही. दोन्ही गुडघ्यांत आतल्या बाजूला हाडावर हाड बसलेलं होतं. मधली जागाच नव्हती. बाहेरच्या बाजूला थोडी फट, म्हणजे तिथं थोडी गादी शिल्लक. डॉक्टर मायला म्हणाला, "आजी, आतली गादी संपली आहे. आता गुडघा बदलून घ्यायचा."

परतीच्या बसमध्ये मूल गाव मागे पडलं, दोन्हीकडे जंगल सुरू झालं, तेव्हा मायनं खिडकीतून बाहेर बघतच विचारलं, "संपले म्हंते तो. म्या तं रोज चारत होतो."

मी एक्स-रेचं पाकीट मांडीवर सरळ केलं.

"उपाशी मेले काय वो?"

"नाई माय. झिजले. पहिलेपासूनच झिजत आले होते. तुले सांगतलं तवा बी तिथी कोणी नव्हतं."

हे मी बोलायला नको होतं असं मला वाटत नाही. तिला खरं कळायला हवं होतं. पण तिचा चेहरा मी विसरलेले नाही. ज्या घरात कुणी राहत नव्हतं तिथं ती रोज ताट वाढून येत होती. तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. मग मीच न राहवून म्हटलं, "बाहेरच्या बाजूले हायेत अजून. त्याईले भेटलं असन."

"हायेत?"

"हायेत."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि सिंदेवाही येईपर्यंत झोपली.

गुडघा बदलायला ती तयार होईना. डॉक्टरनं सांगितलं होतं की नंतर जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं टाळायचं, खुर्ची वापरायची. तिथंच अडलं. आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की बाया जाऊन त्या घरच्या बाईला टेकून जमिनीवर बसतात. काही बोलत नाहीत, नुसत्या बसतात. तासन् तास. माय म्हणाली, "कोणाच्या घरी मौत झाली तं मी खुर्ची घेऊन जाऊ काय? ती खाली रडून राह्यली अन् मी वरतून पाह्यतो?" विहारात वंदनेला सगळे खाली गुडघे टेकतात, तिथंही तेच. मी म्हटलं, आताही तुला टेकता येत नाही. ती म्हणाली, "आता येत नाई ते माह्या नशिबानं. मंग येनार नाई ते डॉक्टरच्या सांगन्यानं." असल्या वकिलीपुढे मी हरले.

पुढचं वर्ष वाईट गेलं. बोडीपर्यंतचं चालणं आळीच्या टोकापर्यंत आलं, मग अंगणापुरतं. रोवणीला जाणं तर सुटलंच, आणि त्या वर्षी आमच्या बांधीत बाया न बोलावता आल्या, तेव्हा माय ओट्यावर बसून रडली. मी दर महिन्याला घरी जायचे आणि दर महिन्याला तिच्यावर चिडायचे. चिडायचे, कारण माझ्या सगळ्या शिक्षणाचा तिच्या दोन गुडघ्यांना उपयोग नव्हता. बकऱ्याच्या गुडघ्यातल्या पेशीनं किती साखर खाल्ली ते मी अचूक सांगू शकत होते. तीच विद्या मायला अंगण ओलांडायला लावू शकत नव्हती.

असंच एकदा मी अंगणात तिचे केस विंचरत होते. तिनं अचानक विचारलं, "त्या ऑपरेशनात, बाहेरच्या बाजूचे जे हायेत, त्याईचं काय करते?"

"कापून काढते. जुनं सारंच काढा लागते."

"जित्ते?"

"जित्तेच राह्यते."

"अन् मंग फेकते?"

मी सांगितलं, बहुतेक वेळा फेकतात. कधी कधी पेशंटनं होकार दिला तर आमच्यासारख्यांकडे पाठवतात. आम्ही त्यातल्या पेशी सोडवून काचेच्या, प्लास्टिकच्या ताटल्यांत ठेवतो, साखरेचं पाणी देतो.

"तू देतं? तुह्या हातानं?"

"हो."

"मंग माह्ये तुह्याकडं पाठवाले सांग. तुह्या हातानं चारजो. मंग करतो ऑपरेशन."

मी तिला खरं तेही सांगितलं, कारण मला खोटं जमत नाही: बाहेर काढून उघड्या हवेत सपाट जागी ठेवल्या की या पेशी बदलतात. त्यांना सवय अंधाराची आणि कमी हवेची. इथं सगळं भरपूर मिळतं, तर त्या पसरट होतात, भराभर वाढतात, पण गादी करायचं विसरतात. जिवंत राहतात, पण आपण कोण ते त्यांच्या लक्षात राहत नाही.

"तं मानसाचं बी तसंच हाय," माय म्हणाली. "गाव सोडलं का."

"मी काय विसरली वो?"

"तू भात कमी खाते आता. पोळ्या खाते."

मी तिचा एक केस मुद्दाम ओढला. ती ओरडली आणि हसली. त्या दिवशी आमचं ठरलं. धान घरात आलं की ऑपरेशन. आधी उजवा, मग डावा. नियमांतून वाट काढून तिच्या गुडघ्यातला तुकडा माझ्या टेबलावर कसा आणायचा, याची मी नागपुरात जाऊन चौकशीही केली. मला खूप दिवसांनी बरं वाटत होतं. ती पुन्हा चालेल, असं मी लोकांना सांगत सुटले होते.

धान कापून झालं. मळणी चालू होती. थंडीच्या सकाळी माय अंगणात उन्हाला बसली होती, वहिनी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ती गेलेली होती. हृदय थांबलं. गुडघ्यांशी त्याचा काही संबंध नव्हता.

मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. बायांनी अंघोळ घालायची तयारी केली होती. मी पदर खोचला आणि त्यांच्यात बसले. पाणी घालून झालं, अंग पुसलं, पांढरं लुगडं नेसवलं. पण पाय सरळ होईनात. ते तसेही होत नव्हतेच, आणि आता अंग आखडायला लागलं होतं. शेजारची मावशी, जिच्याशेजारी माय आयुष्यभर रोवणीत वाकली, म्हणाली, "तिरडीवर नीट आलं पाह्यजे," आणि तिनं मायच्या उजव्या गुडघ्यावर दोन्ही तळवे ठेवून भार दिला.

"दाबू नको!" मी किंचाळले. "दुखते तिले!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मावशीनं हळूच हात काढला. दारातून दादा आत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाई, आता काय दुखनार हाय तिले."

त्याला काय सांगणार होते? मला माहीत होतं ते त्या घरात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. माणूस गेलं की मेंदू जातो, हृदय जातं, रक्तावर जगणारं सगळं काही तासांत जातं. पण कूर्चेतल्या पेशी रक्तावर जगतच नाहीत. त्यांना कुणी कळवत नाही. थोडी साखर, नावापुरती हवा, एवढ्यावर त्या पुढेही काही दिवस जिवंत राहतात. मायच्या गुडघ्यांत, बाहेरच्या बाजूला, त्या या क्षणी जिवंत होत्या. आणि कूर्चेला वेदना नसते, तिच्यात नसच नसते, हेही मला माहीत होतं. जिला दुखत होतं तिला जीव नव्हता, आणि ज्यांना जीव होता त्यांना दुखत नव्हतं. मला सगळं माहीत होतं आणि तरी मी गुडघ्यावर हात पसरून कुणाला शिवू देत नव्हते.

"राहू द्या तसंच," शेवटी दादा म्हणाला.

राहू दिलं. पांढऱ्या कापडाखाली तिचे गुडघे वर उचललेले दिसत होते. त्रिशरण-पंचशील झालं. चौघांनी खांदा दिला. आमच्यात बायाही जातात, मी तिरडीच्या लगत चालत होते, माझ्या डोळ्यांसमोर ते दोन उंचवटे हलत होते. माणसं पाऊल टाकत होती, दर पावलाला कापड हलत होतं, आणि दर पावलाला मला वाटत होतं की आता दबेल, आता फुगेल. माय गावाबाहेरच्या रस्त्यानं निघाली होती. चालत मात्र आम्हीच होतो. आत जे जिवंत होते ते तिच्या पावलाची वाट बघत होते, आणि आम्ही त्यांना जाळायला नेत होतो.